एका दोरावर दोन व्याही

"तुम्ही आधी."

"छे छे, तुम्ही आधी."

"असं कसं? मान तुमचा."

"सर, बर्फात कसला आलाय मान? चला मुकाट्यानं."

बर्फ सुरू होतं तिथे, काळ्या दगडांच्या शेवटच्या ओळीवर, दोन म्हातारे एकमेकांना हाताने वाट दाखवत उभे होते. आमची गाईड मार्सेला दोराचं वेटोळं खांद्यावर घेऊन आमच्याकडे बघत होती. तिला आमची भाषा येत नव्हती, पण काय चाललंय ते कळलं असावं. तिने दोराचं एक टोक स्वतःच्या कमरेला बांधलं, मधला भाग उत्तमरावांच्या कमरेला, दुसरं टोक माझ्या. गाठी ओढून पाहिल्या आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली, "आधी मी. मग हा. मग तू. वाद संपला."

"बघा," उत्तमराव म्हणाले, "इथंही मुलीकडचे शेवटीच."

ते मोठ्याने हसले. मीही हसलो. सूर्य नुकताच वर आला होता, आणि त्या उजेडात मला त्यांच्याकडे सरळ बघवत नव्हतं.

*

उत्तमराव शितोळे माझ्या मुलीचे, केतकीचे, सासरे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, बारामतीचे. मी इंगवले, वाईच्या शाळेत पी.टी. शिकवायचो. दोघांनाही डोंगरांचं वेड, आणि ते आमच्या नात्याहून जुनं. मुलांचं लग्न ठरलं तेव्हा बैठकीत देण्याघेण्याचं बोलणं अर्ध्या तासात आटोपलं आणि पुढचे तीन तास आम्ही कोणता सुळका कोणत्या बाजूने चढला यावर भांडलो. विहीणबाई तेव्हा होत्या. त्या म्हणाल्या, "लग्न पोरांचं आहे की तुमचं?"

लग्नानंतर जावयाला, सत्यजितला, चिलीत, उत्तरेच्या वाळवंटातल्या दुर्बिणीच्या प्रकल्पावर नोकरी लागली. केतकी त्याच्याबरोबर गेली. विहीणबाई वारल्या. उत्तमरावांना साठ वर्षं पूर्ण होणार होती, तेव्हा पोरांनी ठरवलं की होमहवन नको, दोन्ही बाबांना इकडेच बोलवायचं आणि डोंगर चढवायचा. माझ्या बायकोचे गुडघे तिला विमानातसुद्धा बसू देत नव्हते. म्हणून आम्ही दोघेच आलो.

डोंगराचं नाव तिकालारा. सहा हजार मीटरच्या जरा वर, निजलेला ज्वालामुखी. सगळ्यात जवळचं गाव गाडीने अख्ख्या दिवसाच्या वाटेवर. वरच्या अंगाला बर्फाची उभी भिंत, तिच्यावर एक सपाटी, आणि तिच्याही वर विवराचा काठ. पहिल्या दिवशी तो शंकू दिसला तेव्हा उत्तमरावांनी हात जोडले आणि म्हणाले, "आपल्याला ते तिका-बिका जमायचं नाही. ही आपली काळुबाई." तेव्हापासून काळुबाईच. मार्सेलाही शेवटी तसंच म्हणायला लागली.

हे सगळं छान आहे. आता दुसरं सांगतो.

*

डोंगराकडे निघायच्या आदल्या संध्याकाळी केतकी मला घरामागच्या अंगणात घेऊन गेली. तिथे दोरीवर आमचे लोकरी मोजे वाळत होते. ते काढता काढता ती बोलली. माझ्याकडे पाठ करून.

"बाबा, मी सत्यजितबरोबर राहणार नाहीये."

"म्हणजे? भांडलात?"

"नाही."

"मारतो? पितो?"

"काहीतरीच काय! तो चांगला आहे. तुम्हाला माहितीये तो किती चांगला आहे."

"मग?"

"मला त्याच्याबरोबर म्हातारं व्हायचं नाही. बास. एवढंच आहे. मी खूप दिवस शोधलं, अजून काही सापडतंय का. नाही सापडलं."

मी म्हणालो, "अगं, हे काय कारण झालं? उत्तमरावांनी विचारलं तर काय सांगू मी?"

"कारण नाही, हेच सांगा."

"मी सांगू?"

तेव्हा ती वळली. "त्यांच्या समोर उभं राहून मला नाही सांगता येणार. पप्पांना नाही सांगता येणार, बाबा. रोज सकाळी मी त्यांना फोन करते. गोळी घेतली का विचारते. डबी कॅमेऱ्यासमोर धरायला लावते. आणि तुम्ही खाली उतरलात की त्या रात्री त्यांची साठी आहे. मी सून म्हणून ओवाळायचं? निरांजन हातात घेऊन? त्याच्या आत त्यांना कळलं पाहिजे. वर सांगा. तुम्ही दोघंच असाल तेव्हा."

तिने मोज्यांची जोडी माझ्या हातात ठेवली. ती उत्तमरावांची होती.

*

वाक्य मी दोन दिवस घडवत होतो. तळावर घडवलं, वरच्या मुक्कामावर घडवलं. शेवटी असं झालं होतं:

उत्तमराव, केतकी यापुढे तुमच्या घरची राहणार नाही, आणि यात तुमच्या मुलाचा काही दोष नाही.

घरात बसून म्हणायला एक श्वास पुरतो. तिथे, त्या उंचीवर, ते असं व्हायचं:

उत्तमराव —
पाऊल. श्वास. श्वास.
केतकी यापुढे —
पाऊल. श्वास. श्वास.
तुमच्या घरची —

इथे नेहमी काहीतरी आडवं यायचं.

आदल्या दुपारी तंबूत पहिल्यांदा प्रयत्न केला. मार्सेला बाहेर बर्फ वितळवत होती. उत्तमराव वरणभाताच्या पाकिटाकडे बघत बसले होते. दोन घास खाऊन ठेवून दिलं होतं.

मी म्हणालो, "उत्तमराव, एक बोलायचं होतं."

"जेवणावरून ना? खातो हो."

आता मला हसावंच लागलं, कारण हा आमचा जुना विषय होता. लग्नात शितोळ्यांची दीडशे माणसं आली आणि चिमणीसारखी जेवली. पंगतीतून पटापट उठली. तेव्हापासून मी त्यांना चिडवायचो. भेटलो की एकदा तरी.

"शितोळ्यांची खानदानी भूक," मी म्हणालो. "आमचा स्वयंपाक तुमच्या लोकांना पसंत पडला नव्हता, ते तरी आता कबूल करा."

"आमच्यात कमीच जेवतात," ते नेहमीसारखं म्हणाले, आणि नेहमीसारखे हसले. मग पाकीट उचलून तंबूबाहेर गेले. माझं वाक्य तोंडातच राहिलं.

*

भिंत.

शाळेच्या इमारतीएवढी उंच असेल, दोन टप्प्यांत चढायची. बुटांना काटे, दोन्ही हातांत बर्फाच्या कुऱ्हाडी. मार्सेला पुढे जायची, बर्फात पोकळ स्क्रू पिळून त्यात दोर अडकवायची आणि वरून दोर ताणून आम्हाला हाक द्यायची. ती चढत असताना आम्ही दोघे खाली एका फळीएवढ्या कोरलेल्या जागेवर, खांद्याला खांदा लावून उभे.

तिथे दुसऱ्यांदा प्रयत्न केला.

"उत्तमराव, ऐका जरा. केतकीबद्दल —"

"केतकी?" ते वर बघत म्हणाले. "पोरगी गुणाची आहे हो. सर, खरं सांगू? सत्यजितला मी वीस वर्षं सांगत आलो, फोन कर, फोन कर. केला नाही गाढवानं. ती रोज करते. ही गेल्यावर घरात कुणाशी बोलायचं म्हणून मी रेडिओ लावून ठेवायचो. तिनं तो बंद करायला लावला. म्हणाली, पप्पा, मला तुमचं नीट ऐकू येत नाही."

मी कुऱ्हाडीचा पट्टा मनगटावर घट्ट केला.

"तुम्ही काय म्हणत होता?"

"काही नाही."

"मग चला. दोर ताणला बाईनं."

दोर ताणलेला नव्हता. चांगला हातभर लोंबत होता. हे मी पाहिलं. त्याचा अर्थ तेव्हा लावला नाही.

*

उत्तमराव भिंत उत्तम चढले, पहिला टप्पा तरी. दुसऱ्या टप्प्यात डाव्या पायाची जागा चुकायला लागली. काटे बर्फावर नुसते खरवडायचे, मग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. मी खालून बघत होतो. इतका अनुभवी माणूस पाय ठेवताना पायाकडे बघत नव्हता.

वर पोचल्यावर मार्सेलाने अंगठा वर करून त्यांना विचारलं. त्यांनीही अंगठा वर केला. मग ती माझ्याजवळ आली. तिची पद्धत अशी होती की दोरावरच्या शेवटच्या माणसाने मधल्यावर नजर ठेवायची, कारण पुढच्याला मागे बघता येत नाही आणि मधला स्वतःबद्दल खोटं बोलतो. हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"मागून तो कसा चालतोय?"

"ठीक."

"नक्की?"

"नक्की."

आता हे कसं समजावून सांगू? मी मुलीचा बाप. मुलाच्या बापाला हाताला धरून परत फिरवायचं, त्याच्या साठीच्या डोंगरावरून, काठ समोर दिसत असताना? आणि तेही कुठला मुलीचा बाप? ज्याच्या खिशात त्यांच्यासाठी ती बातमी आहे तो. मी मनाशी हिशेब केला होता, आधी यांना वर पोचू दे. आपण यांचं एवढं नेणार आहोत, तर आधी एक काहीतरी यांच्या पदरात पडू दे. काठावर बसू, साखर वाटू, मग सांगू.

त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं पुढे थंडीने गेली. हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही त्याची वाट बघत वाचणार नाही. माणूस वाचला. मी सांगतोय ती गोष्ट बोटांची नाही.

*

भिंतीवरची सपाटी.

तिथे बर्फ सपाट नव्हतं. ऊन आणि कोरडा वारा मिळून त्याचे सुळे करतात. माणसाएवढे, पातळ, एकमेकांना खेटून, एकाच बाजूला किंचित वाकलेले, ओळीच्या ओळी. मार्सेलाने सांगितलं, यांना इकडे पेनितेन्तेस म्हणतात, पापाची कबुली द्यायला निघालेली माणसं. पांढरे झगे, टोकदार टोप्या. त्या ओळींमधून आम्हाला वाट काढत जायचं होतं. पलीकडे काठ दिसत होता. अंड्याच्या बलकासारखे पिवळे डाग, गंधकाचा वास. फार तर तासाभराचं अंतर.

उत्तमराव —
पाऊल. श्वास. श्वास. श्वास.
केतकी —

दोर सैल पडला. मी मान वर केली.

उत्तमराव थांबले होते. ते उजव्या हाताचा मोठा मोजा काढत होते. काढला, आणि पाट बाजूला ठेवावा तसा हवेत ठेवून दिला. वाऱ्याने तो उचलून ओळींच्या पलीकडे नेला. मग त्या उघड्या हाताने ते समोरच्या सुळ्यांना खुणावू लागले.

"बसा. बसा. उभं नका राहू कुणी. इकडं जागा आहे."

"उत्तमराव!"

ते वळले. चेहरा हसरा होता, यजमानाचा. दोर पायात गुंतवत ते माझ्याकडे आले, माझ्या जाकिटाला धरून मला एका बाजूला घेतलं आणि तोंड कानाशी आणलं.

"भात संपलाय."

"काय?"

"हळू बोला. आचाऱ्यानं आत्ता सांगितलं. भात संपलाय, जिलेबी तळाशी आलीय. इंगवल्यांची माणसं अजून बसायचीत. गावातली सगळी. आपल्या लोकांना निरोप द्या. पोट भरलं म्हणायचं आणि उठायचं. वाढायला आले तर पानावर हात आडवा. पोरांनासुद्धा सांगा. पोरांना बाहेर नाक्यावर काहीतरी खायला घाला."

मी त्यांचा उघडा हात माझ्या दोन्ही हातांत धरला. तो लाकडासारखा लागला.

"आणि इंगवले सरांच्या कानावर जाता कामा नये," ते म्हणाले. "पोरीचा बाप आहे. जन्मभर मनाला लावून घेईल. कळलं ना? शपथ आहे तुम्हाला."

"कळलं," मी म्हणालो.

लग्नाच्या रात्री माझी बायको म्हणाली होती, सगळं कसं पुरून उरलं. तिला काय ठाऊक. आणि मी? मी त्या माणसाला चार वर्षं चिडवत होतो. कालपर्यंत.

मग मी ओरडलो. शाळेच्या मैदानावर ओरडायचो तसा, पोटातून.

"मार्सेला! खाली! याला खाली न्यायचं! आत्ता!"

*

ती आली. तिने त्यांचा चष्मा वर करून डोळ्यांत पाहिलं, सरळ रेषेत चालायला लावलं. ते दुसऱ्याच पावलाला कलले. नाव विचारलं, तर म्हणाले, "आधी मुलीकडच्यांना विचारा." तिने पिशवीतला जादा मोजा त्यांच्या हातावर चढवला, एक गोळी जिभेवर ठेवली, आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ती बोलणार. आरडाओरडा करणार, तो मला हवाही होता. तिने फक्त दोर फिरवून घेतला. आता मी पुढे आणि ती शेवटी.

उत्तमराव निघेनात.

"अहो, ते काय समोर. अंगण आहे अंगण."

"नाही, उत्तमराव."

"वीस पावलं."

"नाही."

"सर, तुम्ही मला नाही म्हणताय?" त्यांना खरोखरच नवल वाटलं होतं. चार वर्षांत मी त्यांना कशालाही नाही म्हटलं नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "नाही म्हणतोय."

मी दोर ओढला. पाळीव जनावराला ओढावं तसा माणूस ओढत नेला. दर चार पावलांवर ते मागे वळून काठाकडे बघायचे, आणि मी ओढायचो.

भिंतीवरून मार्सेलाने त्यांना पोत्यासारखं खाली सोडलं. मी आधी उतरून खाली उभा होतो. ते उतरले ते सरळ माझ्या मिठीत.

*

उंची कमी होत जाते तसा माणूस परत स्वतःच्या डोक्यात येतो. मार्सेलाने सांगितलं होतं म्हणून मी वाट बघत होतो. खालच्या उतारावर त्यांचं पाऊल नीट पडायला लागलं. नंतर त्यांनी स्वतःहून पाणी मागितलं. मग मोठ्या काळ्या दगडांच्या आडोशाला आम्ही बसलो, दोर बांधलेलाच, आणि त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. मार्सेलाने तो कापसात गुंडाळून ठेवला होता. ती जरा लांब बसून रेडिओवर बोलत होती.

"वर पोचलो नाही आपण," उत्तमराव म्हणाले.

"नाही."

"कुणी फिरवलं? बाईनं?"

"मी."

"तुम्ही?" त्यांनी मान हलवली. "मी काही बडबडलो का?"

"नाही."

"खोटं. आमच्या खात्यात खोटं बोलणारे पुष्कळ पाहिलेत मी. तुम्हाला जमत नाही." मग म्हणाले, "मगाशी भिंतीखाली तुम्ही काहीतरी सांगत होता."

मी बर्फाकडे बघितलं. "उत्तमराव —"

"राहू दे. सत्यजितनं मला सांगितलंय."

वारा पडला होता. रेडिओतला कुणाचा तरी स्पॅनिश आवाज स्वच्छ ऐकू येत होता.

"कधी?"

"निघायच्या आदल्या संध्याकाळी. तुम्ही बापलेक मागं मोजे काढत होता. आम्ही पुढच्या खोलीत पिशव्या भरत होतो. मला म्हणाला, पप्पा, तिला काही बोलू नका. मी म्हटलं, मी कशाला बोलू?"

"म्हणजे तुम्हाला सगळं —"

"तुमच्या तोंडून ऐकायचं नव्हतं हो. तुम्ही तोंड उघडलं की मी काहीतरी काढायचो. जेवण काढायचो, दोर काढायचो. मला वाटलं, चढून जाऊ वर. तिथं बसू दोघं. मग आणखी वेळ काढू. सर, वर आहोत तोवर आपण व्याही आहोत. खाली आपण कोण? मी त्याच्यावर फार विचार केला. मला शब्द सापडला नाही."

मी म्हणालो, "तुमची तब्येत बिघडलेली तुम्हाला कळत होती?"

"सकाळपासून."

"मग सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तिथूनच फिरावं लागलं असतं."

मी पाण्याची बाटली त्यांच्या पुढे केली. ते म्हणाले, "आता बोला तुम्ही. दोन दिवस पाठ करत होता ना? ओठ हलायचे तुमचे. बोला, मी ऐकतो. त्याचं ओझं तुमच्यावर राहायला नको."

मी तोंड उघडलं. वाक्य नव्हतं. एवढं घडवलेलं, एवढं घोटलेलं, त्यातला एक शब्दही जागेवर नव्हता. मी म्हणालो, "भात कमी पडला होता. मला माहीत नव्हतं."

उत्तमराव माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

"बडबडलो म्हणजे," ते म्हणाले.

*

बर्फ संपलं तिथे मार्सेला थांबली. पुढे नुसती खडी आणि राखेची वाट होती, गाडी येते तिथपर्यंत उताराची, सोपी. लहान मूलही चालेल अशी. तिने आपली गाठ सोडली, दोराचं आपलं टोक गुंडाळून उत्तमरावांच्या खांद्यावर टाकलं आणि त्यांच्या कमरेच्या गाठीला हात घातला. त्यांनी डावा हात त्या गाठीवर ठेवला.

"नो," ते म्हणाले. "कार. टिल कार."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले नाहीत, काही केलं नाही. तिने मान डोलावली आणि पुढे चालू लागली.

आम्ही दोघे खडीवरून दोर बांधून चाललो. दोर मधे जमिनीवर घासत येत होता, त्याला धूळ लागत होती. ते पुढे, मी मागे. एका वळणावर दुसरी एक टोळी वर येत होती, तरुण पोरं होती. ती थांबून आमच्याकडे बघत राहिली. एकाने फोटो काढला. उत्तमराव त्याला हात करून म्हणाले, "आमच्यात असंच असतं." मराठीतच.

मला हसू आलं आणि त्याच्यामागोमाग दुसरं काहीतरी आलं. मी मागे होतो म्हणून बरं झालं.

मी त्यांच्या पाठीकडे बघत चाललो. चिडवायला तोंड उघडावं असं दोनदा वाटलं, सवयीने. साठीच्या रात्री तुम्ही काय खाणार, असं काहीतरी. दोनदा गिळलं.

गाडी दिसली. केतकी आणि सत्यजित उभे होते, गाडीच्या दोन अंगांना, मधे बॉनेट. रेडिओवरून त्यांना कळलं होतं. सत्यजित धावत आला, बापाचा हात पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. केतकी दोन पावलं पुढे आली आणि तिथेच थांबली. कोणत्या नात्याने पुढे यायचं हे तिला ठरवता येत नसावं. मला तिला सांगायचं होतं, यांना माहीत आहे बाळा, ये. पण ते सांगायचं काम आता माझं राहिलं नव्हतं.

उत्तमरावच म्हणाले, "केतकी, गोळी घेतली हं मी. दोन घेतल्या आज."

तिने तोंडावर हात घेतला.

"हा दोर काढू आधी," सत्यजित म्हणाला. "पप्पा, हात वर करा. मी सोडतो."

"तू नको."

"अहो, तुम्हाला नाही सोडता येणार. बोटं बघा."

"मला नाहीच येणार," उत्तमराव म्हणाले. "तू बाजूला हो. त्यांना सोडू दे."

आणि ते माझ्याकडे वळून, दोन्ही हात कमरेपासून दूर धरून उभे राहिले.

केतकी बघत होती. गाठ दिवसभराच्या ताणाने आवळून बसली होती आणि बर्फाने भिजून कडक झाली होती. उभ्याने ती सुटण्यासारखी नव्हती. मी हातमोजे काढले आणि त्यांच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसलो.